माळावरचे गाव : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे गाव आज कर्नाटकात आहे. मराठी नाट्यरसिक ते संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगाव म्हणून ओळखतात. अण्णासाहेबांच्या जन्मानंतर सव्वीस वर्षांनी, २० जून १८६९ रोजी, त्याच गावी आणि त्याच आडनावाच्या घराण्यात लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पोरबंदर येथे महात्मा गांधी जन्मास आले. या योगायोगाचे स्मरण पुढे एका निराळ्या आणि दुःखद प्रसंगी करावे लागणार आहे.

वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात पाठांतराला आणि शास्त्राला मान होता. लक्ष्मणाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून त्यांच्या आत काय चालते ते पाहणे, हे त्याचे दोन छंद. विद्याव्यासंगी पित्याला मुलाची ही ओढ रुचणे कठीणच होते. थोरले बंधू रामचंद्रराव, ज्यांना पुढे सारे रामूअण्णा म्हणत, धाकट्या भावाच्या पाठीशी उभे राहिले आणि १८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे दोन वर्षे शिकल्यावर एक गोष्ट उघड झाली. त्यांना काही रंगांतील भेद नीट दिसत नव्हता. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का तो कोणता? कुंचला सुटला, पण रेषा सुटली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यासाठी रंगांची ओळख लागत नाही, प्रमाणाची आणि अचूकपणाची लागते. लक्ष्मणरावांनी तीच वाट धरली.

मुंबईत नव्यानेच स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये, ते यांत्रिक रेखाचित्रांचे साहाय्यक शिक्षक झाले. वर्गातील काम आटोपले की ते संस्थेच्या कार्यशाळेत जात आणि यंत्रे प्रत्यक्ष हाताळून शिकत. जो विषय आपण फळ्यावर रेखाटतो तो लोखंडात कसा उतरतो, हे जाणून घेतल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे. ज्या शिक्षकाने स्वतःचे शिकणे थांबवले नाही, त्याच्या वर्गातील विद्यार्थी भाग्यवान म्हणावे लागतील.

अशी काही वर्षे गेली. वरच्या पदाची जागा रिकामी झाली तेव्हा ती आपल्याला मिळेल, असे मानण्यास लक्ष्मणरावांजवळ पुरेसे कारण होते. ती जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला. कामात कसूर झाली म्हणून डावलले असते तर माणूस कदाचित आणखी झटला असता. जन्मावरून डावलले गेल्यावर झटून काय साधणार? लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगावास परतले. येथे अपमानाचा जेवढा विचार करावा तेवढाच त्या संस्थेच्या नुकसानीचाही करावा. संध्याकाळी कोणी न सांगता कार्यशाळेत थांबणारा शिक्षक तिने एका निर्णयाने गमावला. लक्ष्मणराव पुढे स्वतः मालक झाले तेव्हा माणसे निवडताना त्यांनी काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे समजण्यासाठी हा प्रसंग ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

बेळगावी दोघा बंधूंचा एक छोटा व्यवसाय आधीपासून होता. मुंबईत लक्ष्मणरावांनी सायकल पाहिली आणि १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. त्या काळी सायकल म्हणजे चैनीची वस्तू. तिची किंमत सातशे ते हजार रुपये असे आणि ती चालवण्यास शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे घेतले जात. मुंबईहून सायकली पाठवायच्या लक्ष्मणरावांनी आणि गिऱ्हाइकाला त्यांवर तोल सांभाळायला शिकवायचे रामूअण्णांनी, अशी ही वाटणी होती. परंतु दुसऱ्याने घडवलेली वस्तू विकण्यात लक्ष्मणरावांचे मन फार काळ रमणारे नव्हते. त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि नंतर लोखंडी नांगर.

या नांगराची हकिकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन ओरखडतो. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि माती उलटी पाडतो. तण मुळासकट वर येते, खालची माती उन्हाला लागते. हे सारे शास्त्राला धरून होते, पण शेतकरी नांगराला हात लावेना. लोखंडामुळे जमीन नासते, ती विषारी होते, अशी समजूत घट्ट रुजलेली होती. नांगर तयार होऊन पडले आणि पहिले गिऱ्हाईक मिळण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली.

शिकलेल्या माणसाला अशा वेळी अडाणीपणाला दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. विचार करता शेतकऱ्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. त्याच्या हाती एकच जमीन आणि वर्षाचा एकच हंगाम. शहरातून आलेल्या अनोळखी वस्तूवर तो पणाला लावायचा आणि फसला तर वर्षभर कुटुंबाने काय खायचे? लक्ष्मणरावांनी वाद घालण्यात शक्ती दवडली नाही. नांगर शेतात चालवून दाखवायचा, वापरणाऱ्याचा अनुभव ऐकायचा आणि धीर धरायचा, हाच मार्ग उरला होता. ज्याच्यासाठी वस्तू बनवायची त्याचा नकारही ऐकून घेण्याची सवय त्यांना या दोन वर्षांनी लावली. एकदा काही शेतकऱ्यांनी नांगर वापरला आणि शेजारच्या बांधावरून इतरांनी तो पाहिला, तेव्हा मागणी हळूहळू वाढू लागली.

व्यवसायाचा जम बसतो न बसतो तोच नवे संकट आले. शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा रिकामी करण्याची नोटीस बेळगाव नगरपालिकेकडून आली. यंत्रे, ओतशाळा, माणसे घेऊन जायचे कोठे? याच सुमारास औंध येथील देवीच्या मंदिराच्या सभामंडपाच्या बांधकामाचे काम लक्ष्मणरावांकडे आले होते. औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार, कलांचे जाणकार आणि सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते. पुढे आपल्या हयातीतच त्यांनी प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपवला, हेही येथे सांगितले पाहिजे. १९०९ मध्ये ते गादीवर आले. लक्ष्मणरावांची अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानात कारखाना उभारण्यास जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता. तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. त्यातील कुंडल भागात, कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळ, लक्ष्मणरावांनी बत्तीस एकर जमीन निवडली. जमीन म्हणावी तर ती निवडुंग माजलेला आणि सापांनी भरलेला ओसाड माळ होता. कोळसा आणि कच्चे लोखंड ज्या गाडीने यायचे आणि तयार नांगर ज्या गाडीने जायचे, ती मात्र दाराशी थांबत होती. कारखानदाराची नजर निवडुंगावर न थांबता रुळांपर्यंत गेली, एवढेच म्हणता येईल. १० मार्च १९१० रोजी पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे यांच्यासह या माळावर वस्तीला आरंभ झाला. तीच किर्लोस्करवाडी.

सुखवस्तू बेळगाव सोडून या माळावर माणसे का आली असतील? पगार तर कोठेही मिळाला असता. येथे घरे नव्हती, बाजार नव्हता, वैद्य नव्हता. निवडुंग तोडण्यापासून आरंभ होता. त्या पहिल्या मंडळींपैकी काही नावे चरित्रांतून आपल्यापर्यंत पोहोचली आहेत. ओतकाम आणि यंत्रे सांभाळणारे शंभोराव जांभेकर, हिशेब व कचेरी पाहणारे मंगेशराव रेगे, हरहुन्नरी के. के. कुलकर्णी, आणि शाळा अर्धवट सोडूनही पुढे कल्पक अभियंता म्हणून नावारूपाला आलेले अनंतराव फळणीकर. वस्तीची व्यवस्था रामूअण्णांनी अंगावर घेतली. या यादीत मोठ्या पदव्या शोधू गेल्यास निराशा होईल. कागदावरची पात्रता पाहून माणूस घ्यायचा असता तर फळणीकरांना त्या काळच्या कोणत्याही कारखान्याने दारात उभे केले नसते. लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती काम दिले, मग अधिक अवघड काम दिले आणि त्या कामानेच त्यांना घडवले. जन्मावरून डावलला गेलेला माणूस दुसऱ्याला शाळेच्या दाखल्यावरून डावलीत नाही, एवढे तरी यातून दिसते.

ओतशाळेचे काम कसे असते हे ठाऊक असेल तर अशा निवडीमागचे मर्म अधिक उलगडते. वाळूचा साचा तयार करावयाचा, भट्टीत लोखंड वितळवायचे आणि तो लाल रस साच्यात ओतायचा. साच्यातील वाळू प्रमाणापेक्षा अधिक ओली राहिली, हवा निघून जाण्यास वाट ठेवली नाही किंवा ओतताना हात थबकला, तर लोखंडाच्या पोटात पोकळी राहते. वरून ओतीव भाग गुळगुळीत दिसतो. दोष दिसतो तो शेतात, ऐन नांगरटीच्या दिवसांत, फाळ मोडल्यावर. साचा भरणाऱ्या कारागिराने त्या क्षणी मन लावले होते की नाही, हे त्याच्या डोक्यावर उभ्या असलेल्या मुकादमाला कळत नाही. धाक दाखवून माणसाला जागेवर उभे करता येते, पण त्याचे लक्ष त्या धाकाने विकत मिळत नाही. किर्लोस्करवाडीच्या मालकाने कारखान्यातील माणसांशी जो वागणुकीचा रिवाज ठेवला, त्यात औदार्य होते तसा हा व्यवहारही होता. दोहोंना एकमेकांपासून वेगळे करण्याचे कारण नाही.

लक्ष्मणरावांना स्वतःला हातकाम येत होते, हा त्यांच्या बाजूचा मोठा लाभ. ज्याने स्वतः लेथवर उभे राहून काम शिकले आहे, तो कारागिराची अडचण कारागिराच्या भाषेत ऐकू शकतो. चूक कोठे झाली हे तो जाणतो आणि चूक कोणाची यापेक्षा ती कशामुळे झाली याची चौकशी आधी करतो. कचेरीतून फर्मान सोडणारा मालक आणि यंत्रापाशी येऊन विचारणारा मालक, यांच्या तोंडचे शब्द तेच असले तरी ऐकणाऱ्याला ते निराळे वाटतात.

या वस्तीतील सर्वांत धाडसी निवड होती ती पहारेकऱ्यांची. माळावरचा कारखाना, आसपास चोऱ्यादरोड्यांची भीती, रात्री राखण करायची कोणी? लक्ष्मणरावांनी त्या कामासाठी दरोडेखोरीची शिक्षा भोगलेली माणसे नेमली. त्यांतील तुकाराम रामोशी यांचे नाव किर्लोस्करांच्या इतिहासात आदराने घेतले जाते. तो काळ कसा होता हे आजच्या वाचकाला सांगावे लागेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला जात होता, माणसांना हजेरी द्यावी लागत होती, गाव सोडायचे तर परवाना लागत होता. गंमत अशी, की रामोशी समाज परंपरेने गावांची आणि गडांची राखण करणारा. राखणदारांचे काम आणि वतन गेले, उपासमार आली आणि मग सरकारी दप्तरात त्यांची गुन्हेगार म्हणून नोंद झाली. लक्ष्मणरावांनी तुकारामाच्या हाती कारखान्याचा पहारा दिला तेव्हा नवे असे काही केले नाही असेही म्हणता येईल. त्याच्या पूर्वजांचे काम त्याला परत दिले.

त्यात जोखीम होतीच. या माणसांनी विश्वासघात केला असता तर सर्वांनी लक्ष्मणरावांनाच वेड्यात काढले असते. तसे घडले नाही. ही माणसे विश्वासू राखणदार म्हणूनच स्मरणात राहिली. विश्वास टाकण्याचा अर्थ डोळे मिटणे असा नव्हे. ज्याच्याकडे सारे संशयाने पाहतात, त्याला जबाबदारीचे, दृश्य आणि मानाचे काम देणे, आणि त्याच्याशी बोलताना त्याचा भूतकाळ वारंवार वर न काढणे, असा तो अर्थ आहे. यातील दुसरा भाग पहिल्याहून कठीण असावा. मदत करणारे पुष्कळ असतात, पण केलेल्या मदतीची आठवण करून न देणारे विरळा.

वाडीत अस्पृश्यता पाळण्यास मज्जाव होता. हा नियम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, एका लहान संस्थानच्या कोपऱ्यात, सर्व जातींची कुटुंबे शेजारी राहत असलेल्या वस्तीत लागू करणे सोपे गेले नसणार. कारखान्यात खांद्याला खांदा लावून काम करणारी माणसे घरी परतल्यावर एकमेकांची सावली टाळू लागली, तर कारखानाही टिकत नाही आणि गावही. हळूहळू माळाचे रूप पालटले. घरे झाली, झाडे लागली, निवडुंगाच्या जागी बागा आल्या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला निवडुंग आणि गुलाब यांचे नाव दिले ते उगीच नव्हे.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने नोंदली पाहिजे. जेथे घर मालकाचे, रस्ता मालकाचा आणि नियमही मालकाचा, तेथे कामगार पूर्णपणे स्वतंत्र असतो असे म्हणता येत नाही. किर्लोस्करवाडी ही कुटुंबासारखी होती आणि कुटुंबात वडीलधाऱ्याचा शब्द अखेरचा असतो. आजच्या कामगाराला हक्क हवे असतात, कृपा नको असते, आणि ते योग्यच आहे. तथापि ज्या काळात गिरण्यांतील मजूर दिवसाचे बारा-बारा तास राबून एखाद्या चाळीच्या खोलीत दहाजणांसह झोपत होता, त्या काळात कामगाराच्या घराचा, मुलांचा आणि मानाचा विचार करणारा मालक किती थोड्यांच्या वाट्याला येत होता, हेही विसरून चालणार नाही.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी लोखंडाची आवक आटली. नांगराला मागणी होती पण नांगर ओतायला लोखंड नव्हते. अशा वेळी कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांनी संस्थानातील जुन्या, निकामी तोफा किर्लोस्करांना दिल्या. रणांगणासाठी ओतलेले लोखंड पुन्हा वितळले आणि शेतात उतरले. टंचाईच्या त्या वर्षांत कारखाना चालू ठेवण्यासाठी एकट्या मालकाची हुशारी पुरेशी नव्हती. जे मिळेल त्यातून निभावून नेण्याची वृत्ती भट्टीपाशी उभ्या असणाऱ्या प्रत्येकात असावी लागते. काही वर्षांपूर्वी निवडुंग तोडण्यापासून आरंभ केलेल्या माणसांत ती होती.

१९२० हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदली गेली, आणि त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे एक छोटे पत्रक काढले. कारखान्याचा माल, त्याचा वापर, ग्राहकांचे आणि विक्रेत्यांचे अनुभव यांची देवाणघेवाण व्हावी हा त्यामागचा प्रारंभीचा हेतू. कोण्या शेतकऱ्याला नांगर कसा वाटला हे वाडीतील कारागिराला कळावे आणि वाडीत काय चालले आहे ते दूरच्या गावी कळावे, यासाठी छापील कागद हे त्या काळचे उत्तम साधन होते. पाहता पाहता हे पत्रक ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कित्येक मराठी घरांत पुढील काही दशके ही मासिके टपालाने येत असत आणि परप्रांतात मराठी वाचन टिकवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. मात्र त्यांचे मूळ लोखंडाच्या कारखान्यातील संवादाच्या गरजेत आहे, हे अनेकांच्या लक्षात नसते.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप अशी शेतकऱ्याच्या उपयोगाची यंत्रे वाडीत तयार होऊ लागली. पुढील पिढीला लक्ष्मणरावांनी दूर शिकायला पाठवले. शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे शिकून १९२६ मध्ये परतले. परदेशी पदवी घेऊन आलेला मुलगा आणि स्वतःच्या हाताने सारे उभारलेला पिता, या जोडीत कुरबुरी होणे स्वाभाविक असते. कित्येक घरांतील उद्योग त्यापायीच मोडलेले आपण पाहतो. लक्ष्मणरावांनी हळूहळू सूत्रे तरुणांकडे जाऊ दिली. १९३० च्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याजवळ नांगराला पैसा उरला नाही, तेव्हा कारखान्याने लोखंडी खुर्च्या-कपाटांसारख्या दुसऱ्या वस्तू बनवून ते दिवस काढले. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रे तयार करण्याचा कारखाना निघाला आणि १९४६ मध्ये बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा आणि पुण्यात तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा. गुर्लहोसूरच्या मुलाचे नाव पुन्हा कानडी मुलखात घेतले जाऊ लागले.

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. हत्या करणारा महाराष्ट्रीय ब्राह्मण होता हे कळताच दक्षिण महाराष्ट्रात जाळपोळीचा आगडोंब उसळला. निरपराध कुटुंबांची घरे जळली. जमाव किर्लोस्करवाडीवरही आला आणि कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणरावांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. गांधीजींच्याच वर्षी जन्मलेल्या, आपल्या गावातून अस्पृश्यता हद्दपार करणाऱ्या आणि आयुष्यभर शेतकऱ्यासाठी अवजारे बनवणाऱ्या माणसाचा कारखाना गांधीजींच्या नावाने पेटवला गेला, यासारखा दैवदुर्विलास दुसरा नसेल.

आगीत यंत्रे जळाली, इमारती जळाल्या, लाकडी साच्यांचे नमुने जळाले. ओतशाळेत हे नमुने म्हणजे सारी पुंजी असते. प्रत्येक भागाचा आकार त्या लाकडात साठवलेला असतो आणि तो गेला की पुन्हा रेखाचित्रापासून आरंभ करावा लागतो. चाळीस वर्षांत जोडलेले बाहेरच्या जगाशी असलेले नाते एका रात्रीत अपुरे ठरले, हे मान्य करावेच लागते. कुंपणाच्या आत जोडलेला विश्वास कुंपणाबाहेरच्या द्वेषाला थोपवू शकला नाही.

परंतु वाडी उठून गेली नाही. तोच कारखाना त्याच जागी पुन्हा उभा राहिला. त्यासाठी पैसा लागला, विम्याचे आणि कर्जाचे सोपस्कार लागले, पण नमुने पुन्हा घडवायला ज्यांच्या बोटांना ते आकार ठाऊक होते ती माणसेच लागली. ती तेथेच होती. जळून गेलेल्या जागी कामावर रुजू होणे आणि अजून काहीच उभे नाही अशा माळावर यायला तयार होणे, यांत फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी त्यांतील कित्येकांचे वय झाले होते.

उतारवयात लक्ष्मणराव कारखान्याच्या दैनंदिन व्यवहारातून मोकळे झाले होते. बरोबरीची मंडळी आणि नंतरच्या पिढ्या त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना लकाकि म्हणत. पुण्यात किर्लोस्करांच्या बंगल्याला ‘लकाकि’ हेच नाव दिले गेले आणि त्याच्या जवळून जाणारा रस्ताही त्या नावाने ओळखला जातो; त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या अनेकांना हा शब्द कोठून आला, हे ठाऊक नसते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुणे-मिरज मार्गावरचे कुंडल रोड हे स्थानक त्यापूर्वीच किर्लोस्करवाडी झाले होते. १९१० च्या मार्चमध्ये जेथे पंचवीस कुटुंबे सामानसुमानासह उतरली, तेथे गाड्या आजही थांबतात.